हरकत : निरंक
(नगरपालिकेचे बांधकामविषयक निर्णय आणि आपण)

— द्वितीय वर्ष कला (राज्यशास्त्र)

राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'स्थानिक स्वराज्य संस्था' हे प्रकरण सोपे समजले जाते. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, सर्वसाधारण सभा, समित्या आणि उत्पन्नाची साधने एवढे पाठ केले की दहा गुणांची सोय होते. पहिल्या वर्षी मीही तेवढेच केले. पण त्याच सुमारास आमच्या वस्तीलगतच्या चिंचेच्या माळावर एक पाच मजली इमारत उभी राहत होती. त्या इमारतीने मला हे प्रकरण पुन्हा वाचायला लावले, आणि दुसऱ्या वाचनात ते तितके सोपे वाटले नाही.

गावात एखादे मोठे बांधकाम निघाले आणि त्याला लोकांचा विरोध असला, तर नगरपालिका निर्णय कसा घेते? लोकांनी केव्हा बोलायचे असते? बोलून काही उपयोग होतो का? या तीन प्रश्नांचा मी माझ्या कुवतीप्रमाणे शोध घेतला. तो येथे मांडत आहे. मी कायद्याचा विद्यार्थी नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा काही चुकले असल्यास गुरुजनांनी ते दाखवून द्यावे, ही विनंती.

आधी नकाशा, मग इमारत

बहुतेकांप्रमाणे माझाही असा समज होता की बिल्डर अर्ज करतो, नगरसेवक सभेत हात वर करतात आणि इमारत मंजूर होते. प्रत्यक्षात हे निर्णय दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर होतात. त्यांतला फरक कळला नाही, तर पुढचे काहीच कळत नाही.

देशातला नगररचनेचा पहिला कायदा आपल्याच मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. आज महाराष्ट्रात 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' लागू आहे. या कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिकेला आपल्या हद्दीचा विकास आराखडा तयार करावा लागतो. घरे कोठे, दुकाने कोठे आणि कारखाने कोठे हे त्यात ठरते. शाळा, मैदाने, दवाखाने, मंडई, रस्ते यांच्यासाठी जागा राखून ठेवतात. त्यालाच आरक्षण म्हणतात. या प्रारूप आराखड्यावर लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी ठरावीक मुदत असते. हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. शेवटची मंजुरी मात्र राज्य शासनाची असते. ही झाली पहिली पायरी.

दुसरी पायरी बांधकाम परवानगीची. जमीनमालक अर्ज करतो, अधिकारी तो आराखड्याशी व नियमांशी ताडून पाहतात आणि परवानगी देतात किंवा नाकारतात. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही आणि बांधकाम आराखड्याला व नियमांना धरून असले, तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. परवानगी नाकारली तर अर्जदाराला ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

येथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अपिलाचा हा हक्क फक्त अर्जदाराला आहे. शेजाऱ्याला तो नाही. शेजारी इमारत येणार आहे, तुमचे काही म्हणणे आहे काय, असे या दुसऱ्या पायरीवर शेजाऱ्याला विचारण्याची सर्वसाधारण तरतूदही या कायद्यात मला आढळली नाही. इंग्लंडमध्ये नियोजनाच्या प्रत्येक अर्जाची सूचना जागेवर लावतात किंवा शेजाऱ्यांना कळवतात, आणि मत मांडायला साधारणपणे २१ दिवस देतात. (मंजुरीविरुद्ध अपील करण्याचा हक्क तेथेही शेजाऱ्याला नाही.) आपल्याकडे लोकांचे ऐकण्याची जागा पहिल्या पायरीवर आहे. म्हणजे नकाशा ठरतो तेव्हा, किंवा मंजूर नकाशात बदल करायचा असतो तेव्हा. या बदलासाठी कलम ३७ आहे. त्याखाली राजपत्रात नोटीस प्रसिद्ध करावी लागते. हरकतींसाठी जास्तीत जास्त एक महिना मिळतो. त्यानंतर सुनावणी घेऊन प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा असतो.

लोक मात्र जागे होतात ते खड्डा खणला जातो तेव्हा. तोवर पहिल्या पायरीचे दार बंद झालेले असते. आमच्या गावात नेमके हेच घडले.

आरक्षण क्रमांक १४

माझी आई भाजी विकते. गेली अठरा वर्षे ती एस. टी. स्टँडच्या रस्त्याकडेला पोते अंथरून बसते. पावसाळ्यात डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद धरावा लागतो. ट्रक मागे घेताना दोनदा तिची पाटी चाकाखाली गेली आहे. नगरपालिकेची पावती मात्र ती रोज फाडते. तिच्यासारख्या तीसेक बायका तेथे बसतात.

चिंचेचा माळ तेथून शंभर पावलांवर होता. २०२३ मध्ये त्याला पत्रे लागले आणि खोदकाम सुरू झाले. माळावरची मुलांची वाट बंद झाली. आजूबाजूच्या घरांना वाटले की उजेड जाईल, सांडपाणी तुंबेल. मोर्चा निघाला. दोनशेवर सह्यांचे निवेदन देण्यात आले. मी तेव्हा बारावीत होतो आणि मोर्चात मागे चालत होतो. साहेबांनी निवेदन शांतपणे वाचले आणि उत्तर दिले : "बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे. हरकतीची मुदत २०१८ सालीच संपली." कोणालाच काही कळेना. २०१८ साली आमच्याकडे कोण आले होते? कोणी काय विचारले होते?

महाविद्यालयात आल्यावर माहिती अधिकार कायद्याचा (२००५) तास झाला. दहा रुपयांचे शुल्क भरून कोणीही कागद मागू शकतो, हे मला तेथे प्रथम समजले. मी अर्ज केला. दोन रुपये पानाप्रमाणे ३१ पानांचे ६२ रुपये भरले आणि नकला घरी आणल्या.

त्या ३१ पानांत सगळी हकीकत होती. आमच्या गावचा विकास आराखडा २००४ साली मंजूर झाला. त्यात चिंचेच्या माळातील ३० गुंठे 'आरक्षण क्रमांक १४' म्हणून दाखवले होते. आरक्षणाचे प्रयोजन लिहिले होते : भाजी मंडई.

ती ओळ मी तीनदा वाचली. मग आईला वाचून दाखवली. चौदा वर्षे नकाशावर तिच्यासाठी जागा राखलेली होती आणि ती शंभर पावलांवर चिखलात बसून होती. तिला कोणी सांगितले नव्हते. सांगायला हवे होते असे कायदाही कोठे म्हणत नाही.

पुढची पाने अशी. २०१८ मध्ये जमीनमालकाने आरक्षण उठवण्याची मागणी केली. सर्वसाधारण सभेत विषय आला. 'संपादनासाठी निधी उपलब्ध नसल्याने' आरक्षण वगळून ती जागा रहिवास विभागात घालावी, असा ठराव झाला. सूचकाचे नाव होते, अनुमोदकाचे नाव होते आणि खाली 'सर्वानुमते मंजूर' असे दोन शब्द होते. चर्चेची एकही ओळ नव्हती. त्यानंतर राजपत्रात व एका वर्तमानपत्रात नोटीस आली. मुदत संपल्यावर टिपणीत एक तक्ता जोडला होता. त्यात 'प्राप्त हरकती' या रकान्यापुढे एकच शब्द होता : निरंक. २०२० साली शासनाची मंजुरी आली.

नोटिशीचे कात्रण मी वस्तीत पाच-सहा जणांना वाचून दाखवले. तिच्यात गट क्रमांक होता, आरक्षण क्रमांक होता, 'क्षेत्र वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे' असे शब्द होते. 'चिंचेचा माळ' हे शब्द कोठेच नव्हते. ऐकून आई म्हणाली, "हे कुठल्या गावचं रं?" आमच्या घरी वर्तमानपत्र येते ते रद्दीच्या भावाने, मिरच्या-कोथिंबीर बांधायला. ती नोटीस आमच्या घरात येऊन गेलीही असेल. ती वाचणारे मात्र तेव्हा कोणी नव्हते. मी सातवीत होतो.

जमीनमालकाची बाजू

येथपर्यंत वाचून मालक आणि नगरपालिका दोघांनाही दोष द्यावासा वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण आमच्या सरांनी सांगितले, "दुसऱ्या बाजूची कलमेही वाच." ती वाचल्यावर माझा राग थोडा निवळला.

जमिनीवर आरक्षण पडले की मालकाला तेथे आपल्या मर्जीने बांधकाम करता येत नाही. गिऱ्हाईकही मिळत नाही. आणि नगरपालिका जागा ताब्यात घेईपर्यंत मोबदलाही मिळत नाही. जमीन नावावर असते पण उपयोगाची नसते. म्हणून कायद्याने कलम १२७ ठेवले आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीत संपादन झाले नाही, तर आरक्षण आपोआप रद्द होते. ही मुदत मुळात सहा महिने होती. २००९ मध्ये ती बारा महिन्यांची आणि २०१५ मध्ये चोवीस महिन्यांची झाली. मुदतीत नुसता कागदी घोडा नाचवून भागणार नाही, संपादनाची खरी पावले पडली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 'गिरनार ट्रेडर्स' खटल्यात २००७ साली सांगितले.

आमच्या माळाचा मालक काही कोणी धनदांडगा नव्हता. चार भावांत वाटणी झालेली ती जमीन होती. चौदा वर्षे वाट पाहून त्याने मागणी केली, तर त्यात गैर काय? चूक झाली ती त्या चौदा वर्षांत. नगरपालिकेने नकाशावर मंडई आखली, पण एकाही अंदाजपत्रकात तिच्यासाठी रक्कम ठेवल्याचे मला त्या कागदांत दिसले नाही. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (अंमल १ जून १९९३ पासून) बारावे परिशिष्ट जोडले गेले. त्यातील १८ विषयांमध्ये पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजनाचा आहे. विषय मिळाला, पण त्याबरोबर पैसा तेवढा मिळाला नाही. लहान नगरपालिकांची आरक्षणे पुष्कळदा नकाशावरच राहतात, याचे एक मोठे कारण हे असावे.

न्यायालयांनी काय म्हटले आहे

नगरपालिकेने बहुमताने, किंवा एकमतानेही, निर्णय घेतला की तो योग्यच ठरतो काय? या प्रश्नावर दोन निकाल मला फार बोधप्रद वाटले.

पहिला उडुपीचा. तेथील नगरपालिकेने एका मंगल कार्यालयाच्या इमारतीचे चित्रपटगृह करण्यास मंजुरी दिली. नगररचना योजनेनुसार त्या निवासी भागात चित्रपटगृह चालणार नव्हते. एका रहिवाशाने दाद मागितली. उच्च न्यायालयाने मंजुरी योजनेविरुद्ध असल्याचे मान्य केले. पण आता संबंधिताने बराच खर्च केला असणार, म्हणून हस्तक्षेप केला नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचे ठरवले. योजना ही तेथे राहणाऱ्यांच्या हितासाठी असते. ती पाळणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे, आणि पैसा खर्च झाला म्हणून बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

दुसरा निकाल १९९१ चा, बंगळूरचा. एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा विकास प्राधिकरणाने खासगी रुग्णालयासाठी एका ट्रस्टला दिली. त्यामागे मुख्यमंत्र्यांचा आदेश होता. रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालयही लोकांच्याच उपयोगाचे आहे आणि रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकारच नाही, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. उद्यानाची जागा सर्वांची असते. कायद्याने आखलेली वाट सोडून ती खासगी उपयोगासाठी देता येत नाही, मग आदेश कितीही वरून आलेला असो.

हे निकाल वाचून मी आमच्या कागदांकडे पुन्हा पाहिले. उडुपीला आणि बंगळूरला कायद्याची वाट सोडली गेली होती. आमच्याकडे ती सोडलेली दिसत नव्हती. ठराव होता, नोटीस होती, मुदत होती, मंजुरी होती. मोर्चाला मिळालेले उत्तर कायद्याने बरोबर होते. हे कबूल करणे मला जड गेले, पण कबूल करावे लागले. कायदा मोडून झालेला अन्याय न्यायालयात सांगता येतो. सगळे कागद नीट असताना आणि कोणालाच काही कळले नसताना जो निर्णय होतो, त्याची तक्रार कोणाकडे करायची?

वेळेवर घेतलेली हरकत

याचे उत्तर न्यायालयात नसून पहिल्या पायरीवर आहे, असे माझे मत बनले. त्यासाठी दोन उदाहरणे देतो.

मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अस्तित्वातल्या वास्तू चुकीच्या दाखवल्याच्या, रस्ते भलतीकडून नेल्याच्या तक्रारी आल्या. नागरिकांनी नकाशे वाचले, वॉर्डावॉर्डांत बैठका घेतल्या आणि हजारो हरकती नोंदवल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शासनाने आराखड्याची फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. एवढ्या मोठ्या शहराचा नकाशा हरकतींमुळे परत टेबलावर आला.

दुसरे उदाहरण जुने आहे, पण मला ते जवळचे वाटते. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात मोठी मंडई बांधण्याचा विचार निघाला तेव्हा तिच्या प्रचंड खर्चाला त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. मंडई झालीच. पुढे काळाचा न्याय असा की त्याच मंडईला आज त्यांचे नाव आहे. मंडई हवी की नको हा येथे मुद्दा नाही. मी तर मंडई मागणाऱ्या बाईचा मुलगा आहे. मुद्दा असा की फुल्यांचा विरोध शंभराहून अधिक वर्षांनंतर आपल्याला माहीत आहे, कारण तो सभेत, निर्णयाच्या आधी आणि कारणासह मांडला गेला. आमच्या गावच्या २०१८ च्या ठरावात तसे एकही वाक्य नाही. 'सर्वानुमते' या शब्दाखाली कोणाचे काय मत होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

सुनावणीचा दिवस

विकास आराखड्याची वीस वर्षांतून एकदा तरी सुधारणा करावी लागते. आमच्या गावचा आराखडा २००४ चा, म्हणून २०२५ मध्ये सुधारित प्रारूप प्रसिद्ध झाले. या वेळी नोटीस मी वाचली. नगरपालिकेत जाऊन नकाशा पाहिला. त्यात मंडईच नव्हती. जुनी वगळली होती आणि नवी कोणी सुचवली नव्हती.

मी हरकत लिहायला बसलो. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात गरिबांवरील अन्याय, लोकशाहीची थट्टा असे पुष्कळ शब्द होते. सरांनी तो वाचून परत दिला आणि विचारले, "यात नगरपालिकेने काय करावे असे तू म्हणतोस?" ते कोठेच लिहिले नव्हते. मग मी २०१८ च्या ठरावातले कारण पुन्हा वाचले. 'संपादनासाठी निधी उपलब्ध नाही.' म्हणजे अडचण संपादनाची होती. संपादन करावेच लागणार नाही अशी जागा सुचवली तर? जुन्या जकात नाक्याची जागा नगरपालिकेच्याच मालकीची आहे. जकात बंद झाल्यापासून तेथे मोडक्या कचरागाड्या उभ्या असतात. दुसरी हरकत एका पानात झाली. आरक्षण का हवे, किती बायका बसतात, रोज किती पावत्या फाटतात आणि जागा कोणती, एवढेच त्यात लिहिले. खाली आईसह अकरा जणींनी सह्या व अंगठे केले.

सुनावणीला त्यांतल्या सात जणी आल्या. कायद्याप्रमाणे नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचनेचे जाणकार असे चारापर्यंत सदस्य असतात. पण राज्यातील बहुतेक नगरपालिकांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ पर्यंत लांबल्या होत्या आणि आमच्याकडेही तोवर प्रशासकच होते. त्यामुळे टेबलापलीकडे लोकांनी निवडून दिलेले कोणीही नव्हते. आमच्या आधी जे बोलले ते सर्व जमीनवाले होते. कोणाच्या प्लॉटमधून रस्ता जात होता, तर कोणाच्या शेतावर शाळेचे आरक्षण पडले होते. आमचा क्रमांक आला तेव्हा एका सदस्यांनी कागद चाळत विचारले, "मावशी, तुमची कोणती जमीन बाधित होते?"

आई म्हणाली, "जमीन न्हाई साहेब. पाटी हाय."

खोलीत कोणी हसले नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि पुढचे प्रश्न माझ्याऐवजी तिलाच विचारले. बाजार किती वाजता भरतो, माल कोठे उतरतो, पाणी कोठून आणता. तिने सगळे नीट सांगितले. पाण्याचे तर मी हरकतीत लिहिलेच नव्हते. मला ते सुचलेच नव्हते.

थोर नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवत होते. शहरात बदल करण्यापूर्वी ते पायी फिरून पाहावे, तेथे राहणाऱ्यांचे जगणे समजून घ्यावे, यावर त्यांचा भर असे. त्या दिवशी मला वाटले, सुनावणी म्हणजे तरी दुसरे काय? ज्यांना फिरायला सवड नाही, त्यांच्यापुढे शहराने स्वतः येऊन उभे राहायचे.

समितीच्या अहवालातल्या यादीत आमच्या हरकतीपुढे लिहिले आहे : 'अंशतः मान्य. जुन्या जकात नाक्याच्या जागेपैकी १० गुंठे भाजी मंडईसाठी दर्शवावी. जागा नगरपालिकेच्या मालकीची असल्याने संपादनाचा खर्च नाही.' ही अजून शिफारसच आहे. शासनाची अंतिम मंजुरी यायची आहे, आणि मंजुरी आली म्हणजे ओटे बांधले गेले असे नव्हे. आई आजही स्टँडजवळच बसते. चिंचेच्या माळावरच्या इमारतीत आता लोक राहायला आले आहेत. त्यांतले काही तिच्याकडूनच भाजी घेतात.

उपसंहार

या अभ्यासातून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, नोटीस राजपत्रात व वर्तमानपत्रात येतेच. तिच्याबरोबर ती त्या जागेवरही फळा लावून द्यावी, आणि गट क्रमांकासोबत लोकांच्या तोंडी असलेले जागेचे नावही तिच्यात लिहावे. आठवडे बाजारात ती वाचून दाखवायला फार खर्च येणार नाही. पूर्वी दवंडी पिटत असत, तिच्यामागे हाच विचार होता.

दोन, ठरावात कारणे व चर्चा लिहिली जावी. आपल्या निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सरकारी यंत्रणेचे कर्तव्यच केले आहे. आम्हांला २०१८ च्या ठरावातले ते एक कारण मिळाले, म्हणून तर २०२५ ची हरकत लिहिता आली. कारण लिहिलेले असले की त्याला उत्तर देता येते.

तीन, ही सूचना माझ्या वर्गबंधू-भगिनींसाठी आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच शिकणारे आहेत. घरी आलेला वीजबिलाचा, रेशनचा, दवाखान्याचा कागद आपणच वाचून दाखवतो. तसाच नगरपालिकेच्या फळ्यावरचा कागदही वाचायला हवा. आपल्या गावाचा विकास आराखडा नगरपालिकेत पाहायला मिळतो. आपल्या वस्तीत काय राखलेले आहे, ते एकदा जाऊन पाहावे. महिन्याची मुदत लहान असते, पण एक पानाचा अर्ज लिहायला ती पुरते.

नगरपालिकेचा प्रत्येक निर्णय आपल्या बाजूने लागेल असे नाही, आणि तसा लागावाही असे नाही. जमीनमालकाचे, घर हवे असणाऱ्याचे आणि भाजीवालीचेही हित तेथे एकाच टेबलावर मांडायचे असते. माझी अपेक्षा एवढीच आहे की मांडणाऱ्यांत सगळे असावेत. यापुढे आमच्या वस्तीविषयीच्या कोणत्याही फायलीत 'प्राप्त हरकती' या रकान्यापुढे निरंक हा शब्द येऊ द्यायचा नाही, असे मी ठरवले आहे.